वेल्डिंगसाठी जनरेटर निवडताना: आधी रॉड, मग मशीन, शेवटी जनरेटर

साइटवर वेल्डिंग करायला जनरेटर घेणारे बहुतेक जण सुरुवातच उलटी करतात. आधी जनरेटर बघतात, परवडतो म्हणून उचलतात, आणि मग आपलं मशीन त्यावर चालतं का ते साइटवर जाऊन बघतात. तिथे रॉड चिकटतो, इंजिन दबतं, मशीनचा पिवळा दिवा लागतो. दोष मशीनला दिला जातो, नाहीतर दुकानदाराला. बरेचदा दोघंही निर्दोष असतात. चुकलेला असतो तो हिशेब.

हा लेख गेट, ग्रिल, पत्र्याची शेड, ट्रॉलीची दुरुस्ती अशी फिरती कामं करणाऱ्यांसाठी आहे. मशीन सिंगल फेजवर चालणारं इन्व्हर्टर आर्क मशीन आहे असं धरलं आहे. जुना ट्रान्सफॉर्मर वेल्डिंग सेट असेल तर त्याला वर्कशॉपमध्येच राहू द्या. त्यातले बहुतेक सेट दोन फेजवर म्हणजे ४१५ व्होल्टवर चालतात, पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला खरोखर कामी येणारा हिस्सा, अगदी कमी असतो, आणि हातानं उचलून टेम्पोत टाकता येईल असा जनरेटर त्यांना पुरत नाही.

## १. सगळ्यात जाड रॉड कोणता, ते ठरवा

मशीनवर २०० लिहिलंय म्हणून २०० अँपिअरचा हिशेब करू नका. साइटवर तुम्ही खरोखर कोणता रॉड जाळता, तो आकडा धरा. ६०१३ म्हणजे साध्या लोखंडी कामाच्या नेहमीच्या रॉडसाठी साधारण असे अँपिअर लागतात:

- १२ नंबर (२.५ मिमी): ६० ते ९०
- १० नंबर (३.१५ मिमी): ९० ते १३०
- ८ नंबर (४ मिमी): १४० ते १८०

ग्रिल आणि पातळ चौकोनी पाइपचं काम १२ नंबरवर निघतं. शेडचे खांब, गेटची फ्रेम, ट्रॉलीचं चॅसिस यांना १० नंबर लागतो. ८ नंबर साइटवर किती वेळा लागतो, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. वर्षातून दोन-चार कामांना लागत असेल तर तेवढ्या दिवसांपुरता मोठा जनसेट भाड्याने आणा. त्यासाठी कायमचं दुप्पट वजन आणि दुप्पट पेट्रोल अंगावर घेण्यात अर्थ नाही.

तपासा: रॉडच्या पाकिटावर अँपिअरची मर्यादा छापलेली असते. वरची पट्टी ती पाकिटावर बघून पक्की करा, कारण कंपनीप्रमाणे थोडा फरक पडतो.

## २. अँपिअरवरून केव्हीए काढा

केव्हीए म्हणजे लाइनवरचे व्होल्ट गुणिले अँपिअर, हजारांत. हा टप्पा लोक सर्रास गाळतात, आणि सगळा घोळ इथेच होतो.

रॉडच्या आर्कला लागणारे व्होल्ट काढायचा ठरलेला हिशेब आहे: २० अधिक अँपिअरचा ०.०४ पट. १२० अँपिअरला २४.८ व्होल्ट. दोन्हींचा गुणाकार २,९७६ वॅट. ही झाली आर्कची ताकद. मशीनमध्ये सुमारे २० टक्के वाया जातात, म्हणून ०.८ ने भागा, ३,७२० वॅट झाले. आता साध्या इन्व्हर्टर मशीनचा पॉवर फॅक्टर ०.७ च्या आसपास असतो, म्हणून पुन्हा ०.७ ने भागा: ५.३ केव्हीए. २३० व्होल्टवर ही मागणी २३ अँपिअरची होते.

याच पद्धतीने:

- १२ नंबर, ८० अँपिअर: ३.३ केव्हीए, सुमारे १४ अँपिअर
- १० नंबर, १२० अँपिअर: ५.३ केव्हीए, सुमारे २३ अँपिअर
- ८ नंबर, १६० अँपिअर: ७.५ केव्हीए, सुमारे ३३ अँपिअर

आलेल्या केव्हीएवर २५ ते ३० टक्के जादा धरा. रॉड टेकवताना आणि चिकटताना करंट क्षणभर वर उसळतो, तो झेलायला ही जागा लागते. म्हणजे १२ नंबरला सव्वाचार, १० नंबरला पावणेसात ते सात, आणि ८ नंबरला साडेनऊच्या पुढे.

मशीनच्या प्लेटवर इनपुट करंटचे दोन आकडे असतात, एक कमाल (I1max) आणि एक परिणामी (I1eff). परिणामी आकडा लहान असतो, तो वायर आणि फ्यूज ठरवण्यासाठी. जनरेटरसाठी कमाल आकडाच बघायचा. लहान आकडा बघून ‘अरे, तीन केव्हीएत बसतंय’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

पॉवर फॅक्टर सुधारणारी, म्हणजे पीएफसी असलेली मशीन महाग असतात. पण त्यांचा पॉवर फॅक्टर जवळजवळ १ असतो, त्यामुळे वरच्या १२० अँपिअरला ५.३ ऐवजी ३.८ केव्हीएच लागतात. ५ किलोवॅटचा पेट्रोल जनरेटर त्याला आरामात पुरतो. दोन्ही गोष्टी नव्याने घेणार असाल तर पैसे मशीनमध्ये घाला आणि जनरेटर लहान घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. रोज उचलायचा जनरेटरच असतो.

सावधान: पॉवर फॅक्टर सुधारायला म्हणून जनरेटरच्या लाइनवर बाहेरून कॅपॅसिटर लावू नका. इन्व्हर्टर मशीनचा कमी पॉवर फॅक्टर करंटच्या बिघडलेल्या आकारामुळे असतो, तो कॅपॅसिटरने सुधारत नाही. उलट लहान जनरेटरचे व्होल्ट वर चढतात.

## ३. जनरेटरची प्लेट वाचा, स्टिकर नाही

आता कुठे दुकानात जायचं. टाकीवरच्या मोठ्या अक्षरांकडे बघू नका, अल्टरनेटरवर, म्हणजे वीज बनवणाऱ्या भागावर, बसवलेली धातूची प्लेट बघा. तिच्यावर तीन गोष्टी शोधा.

रेटेड आणि मॅक्स. मॅक्स म्हणजे थोडा वेळ झेलेल तो आकडा. तुमचा हिशेब रेटेडवर. ‘६.५’ म्हणून विकला जाणारा जनरेटर प्लेटवर मॅक्स ६.५ आणि रेटेड ५.५ असू शकतो.

केव्हीए की किलोवॅट. दोन्ही आकडे असतील तर दोन्ही तपासा. १० नंबरला ५.३ केव्हीए आणि ३.७ किलोवॅट लागतात. अल्टरनेटर केव्हीएला पुरला पाहिजे आणि इंजिन किलोवॅटला. एकच आकडा असेल तर रेटेड अँपिअर शोधा, तो फसवत नाही. २३ अँपिअरच्या कामाला ३० अँपिअर लिहिलेला हवा.

फेज. फसवणूक नसतानाही माणूस इथे हमखास फसतो. साडेसात केव्हीएचा थ्री फेज जनरेटर स्वस्तात मिळाला म्हणून आणला, आणि सिंगल फेज मशीन त्याच्या एका फेजवर लावलं, तर तुम्हाला फक्त अडीच केव्हीए मिळतात. एका फेजवर एक तृतीयांश, बस्स. वर एकाच फेजवर सगळा लोड टाकल्याने बाकीच्या दोन फेजचे व्होल्ट बिघडतात ते वेगळंच.

प्लेटवर विश्वास बसत नसेल तर इंजिनचे सीसी विचारा. ३,००० आरपीएमवर चालणाऱ्या फोर स्ट्रोक पेट्रोल इंजिनला १ किलोवॅटसाठी साधारण ७५ ते ८० सीसी लागतात. म्हणजे ३९० सीसीवर ५ किलोवॅट, २१० सीसीवर अडीच-पावणेतीन. २१० सीसीचं इंजिन आणि वर ‘५ केव्हीए’चं स्टिकर दिसलं की पुढचं बोलणं थांबवलेलं बरं.

तपासा: वाइंडिंग तांब्याचं आहे हे बिलावर लिहून घ्या. तोंडी ‘पूर्ण कॉपर’ सगळेच म्हणतात.

## ४. व्होल्टेज कशाने आवरलं जातं, ते विचारा

लहान जनरेटरमध्ये तीन प्रकार दिसतात.

कॅपॅसिटरवर चालणारे सर्वात स्वस्त. हॅलोजन आणि पंख्याला ठीक. इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनला नको, कारण लोड बदलला की यांचे व्होल्ट झोके घेतात.

एव्हीआर, म्हणजे व्होल्ट आपोआप सावरणारा भाग, असलेले आपल्या कामाचे. पण एव्हीआरलाही सावरायला क्षणभर लागतो. १२० अँपिअरवर काम चालू असताना तुम्ही रॉड उचलला की सगळा लोड एका झटक्यात निघून जातो आणि व्होल्ट वर उडी मारतात. मशीनच्या आत २३० व्होल्टचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात. जनरेटर २८० पर्यंत उसळला तर तेच ३९६ होतात. आतला कॅपॅसिटर ४०० व्होल्टचा असेल तर काठावर आलात. ‘जनरेटरने मशीन जाळलं’ म्हणतात त्यातल्या कितीतरी केसेस रॉड उचलण्याच्या क्षणाच्या असतात, कमी व्होल्टेजच्या नसतात. म्हणूनच जनरेटर काठोकाठ नको, अंगात जागा असलेला हवा. मोठ्या अल्टरनेटरची उडी लहान असते.

इन्व्हर्टर जनरेटरची वीज सगळ्यात स्वच्छ, आवाज कमी, वजनही कमी. पण ते ओव्हरलोड अजिबात सहन करत नाहीत, मर्यादा ओलांडली की लगेच आउटपुट बंद करतात. घेतला तर वेल्डिंगच्या वेळी इको मोड बंद ठेवा. नाहीतर रॉड टेकवल्यावर इंजिन वेग घेईपर्यंत आर्क विझलेला असतो.

पेट्रोल की डिझेल? रोज पाच-सहा तास काम आणि गाडीतून न उतरवता चालवायचं असेल तर डिझेल. एकट्या-दुकट्याने उतरवायचं, गच्चीवर चढवायचं असेल तर पेट्रोल, आणि तेही दोघांना उचलवेल एवढंच. ५ किलोवॅटचा पेट्रोल जनरेटर भर लोडवर ताशी अडीच ते तीन लिटर पितो. वेल्डिंग सलग नसतं, मध्ये जोडणी असते, माप घेणं असतं, पण इंजिन तर ३,००० आरपीएमवर चालूच असतं. त्यामुळे निम्म्या कामाला निम्मं पेट्रोल लागेल असं धरून कोटेशन देऊ नका.

## ५. ऊन आणि उंची वजा करा

इंजिनची ताकद दर १०० मीटर उंचीला साधारण १ टक्क्याने घटते. कोकणात, मुंबईत याचा विचार नको. पुण्यात पाच-साडेपाच टक्के. महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास आहे, तिथे तेरा-चौदा टक्के गेले. रेटेड ५ किलोवॅटचे तिथे सव्वाचार-साडेचारच्या मध्ये उरतात. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात ४५ अंशांत आणखी तीन-चार टक्के कमी धरा, आणि जनरेटर सावलीत ठेवा. बंद पत्र्याच्या खोक्यात नव्हे, सावलीत.

## ६. वायर आणि प्लग जनरेटरबरोबरच घ्या

जनरेटर बरोबर निवडला, आणि जोडला दीड एमएमच्या पिवळ्या वायरने. हे जवळजवळ प्रत्येक साइटवर दिसतं.

३० मीटर लांब तांब्याची वायर आणि २३ अँपिअर करंट धरला तर दीड एमएममध्ये १६ व्होल्ट, अडीच एमएममध्ये साडेनऊ, आणि चार एमएममध्ये सहा व्होल्ट गळतात. वायर रिळावर गुंडाळलेली असेल तर ती तापते, म्हणून चालू करण्याआधी पूर्ण उलगडा. १० नंबर रॉडचं काम असेल तर ३० मीटरला चार एमएमच घ्या. वजन जाणवतं, पण पर्याय नाही.

आता एक प्रश्न नेहमी येतो: कोणती वायर लांब ठेवायची, जनरेटरची की होल्डरची? मशीन जनरेटरजवळ ठेवून २० मीटर होल्डरची आणि २० मीटर अर्थिंगची केबल ओढली, आणि ती १६ एमएमची असली, तर १२० अँपिअरला सुमारे सव्वापाच व्होल्ट केबलमध्ये जातात. ऐकायला कमी वाटतं, पण १२० अँपिअरशी गुणलं की सव्वासहाशे वॅट होतात, आणि तेही जनरेटरनेच पुरवायचे. त्याऐवजी मशीन कामाजवळ न्या आणि मागे ३० मीटर चार एमएम वायर ठेवा, तर वाया जातात दीडशेच्या आत वॅट. शिवाय इंजिनचा धूर आणि आवाज लांब राहतो.

प्लगचं म्हणाल तर १६ अँपिअरचा घरगुती टॉप २३ अँपिअरला वितळतो. आज नाही वितळला तर पुढच्या महिन्यात. ३२ अँपिअरचा निळा इंडस्ट्रियल प्लग आणि सॉकेट लावा. जनरेटरवर १६ चे दोन सॉकेट असतील तर पूर्ण ताकद एका सॉकेटमधून मिळणार नाही हेही ध्यानात घ्या.

## ७. पैसे देण्याआधी चाचणी

स्वतःचं मशीन, स्वतःची वायर, १० नंबरचे आठ-दहा रॉड आणि एक जाड पट्टी घेऊन दुकानात जा. वायर साइटवर वापरणार तीच न्या. दुकानदार हॅलोजन लावून दाखवेल, त्यावरून काहीच कळत नाही.

१. इंजिन गार असताना चालू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर संशय घ्या.
२. दोन-तीन मिनिटं रिकामं चालू द्या. व्होल्ट २३० ते २४०, फ्रिक्वेन्सी ५० ते ५२ हवी.
३. मशीन ८० अँपिअरवर ठेवून एक रॉड जाळा. मग १०० वर, मग १२० वर. थेट वरून सुरुवात नको.
४. १२० वर एक पूर्ण रॉड न थांबता जाळा. त्या वेळी मशीनजवळचे व्होल्ट २१० च्या खाली आणि फ्रिक्वेन्सी ४८ च्या खाली जाता कामा नये.
५. मध्येच रॉड झटकन उचला. असं चार-पाच वेळा करा. मीटरवर कमाल आकडा धरून ठेवणारं बटण असेल तर ते लावा. २६० च्या वर उडी गेली तर तो जनरेटर घेऊ नका.

मीटर ट्रू आरएमएस असावा. इन्व्हर्टर मशीनमुळे जनरेटरच्या लाटेचं टोक चपटं होतं आणि साधा मीटर चुकीचं वाचन देतो. मीटर नसेल तर जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब त्याच लाइनवर लावा. रॉड टेकवताना तो जरा मंदावेल, ते चालतं. पण रॉड उचलताक्षणी तो पांढराशुभ्र भडकला, तर वर सांगितलेली उडी तुम्ही डोळ्यांनी बघताय.

सावधान: मशीनवर हॉट स्टार्ट (आर्क पेटताना करंट वाढवणारा) आणि आर्क फोर्स (रॉड चिकटायला लागला की करंट वाढवणारा) असे नॉब असतील तर जनरेटरवर ते कमीच ठेवा. रॉड चिकटतो म्हणून ते वाढवले की जनरेटर आणखी दबतो आणि रॉड आणखी चिकटतो.

## ८. साइटवर मांडणी आणि सुरू करण्याचा क्रम

जनरेटर उघड्यावर, सपाट जागी, ठिणग्यांपासून किमान सहा मीटर लांब. खिडकी-दाराजवळ नाही, आणि बेसमेंटमध्ये तर मुळीच नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास येत नाही, आणि तो माणूस मारतो. शटर अर्धं उघडं ठेवलंय म्हणून चालेल, असं कोणी म्हणालं तरी ऐकू नका.

ट्रॉलीची दुरुस्ती करताना जनरेटर त्याच ट्रॉलीत ठेवून काम करण्याची सवय पुष्कळांना आहे. अर्थिंगचा क्लॅम्प सैल किंवा गंजावर बसला तर वेल्डिंगचा करंट दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट जनरेटरच्या बॉडीतून, मशीनच्या अर्थच्या हिरव्या वायरमधून जाते. ती वायर जळते. जनरेटर खाली जमिनीवर उतरवा, क्लॅम्प जॉइंटच्या जवळ घासून स्वच्छ केलेल्या जागी लावा, आणि गाडीचं काम असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढा.

सुरू करताना: ऑइल बघा, मशीनचं बटण बंद असल्याची खात्री करा, इंजिन चालू करून दोन-तीन मिनिटं रिकामं चालवा, मग ब्रेकर, मग मशीन. बंद करताना उलटा क्रम: मशीनचा पंखा दोन मिनिटं चालू द्या, मशीन बंद, ब्रेकर बंद, इंजिन आणखी दोन मिनिटं रिकामं, मग बंद.

टाकी संपत आली की इंजिन हेलकावे खातं आणि व्होल्टही त्याच्याबरोबर खालीवर नाचतात. मशीन चालू ठेवून टाकी रिकामी होऊ देणं म्हणजे बोर्ड दुरुस्तीला पाठवणं. पाव टाकी उरली की थांबा, इंजिन बंद करा, गार होऊ द्या, मग भरा.

ग्राइंडर आणि कटर यांचंही ठरवून घ्या. ४ इंची ग्राइंडर सातशे-आठशे वॅट घेतो, तो थांबून थांबून चालेल. १४ इंची चॉप सॉ सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो. एकाने वेल्डिंग आणि दुसऱ्याने चॉप सॉ, हे एकाच लहान जनरेटरवर जमणार नाही. आधी सगळं कापून घ्या, नंतर जोडा.

सावधान: गिऱ्हाईक म्हणालं ‘आमच्या बोर्डातच लावा की, घरातले दिवेही लागतील’, तर नाही म्हणा. जनरेटर घराच्या वायरिंगला जोडला आणि मेन नीट तोडला नाही, तर वीज उलटी लाइनवर जाते आणि खांबावरच्या वायरमनचा जीव जातो.

## ९. इंधन आणि ऑइल

प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल नेऊ नका. पेट्रोलियम कायदा १९३४ प्रमाणे विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंतचं पेट्रोल परवान्याशिवाय जवळ ठेवता येतं, पण ते घट्ट झाकणाच्या, २५ लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या धातूच्या डब्यात. छोट्या हत्तीत (लहान टेम्पोत) जनरेटर उभाच बांधा, आडवा नाही, आणि निघण्यापूर्वी पेट्रोलचा कॉक बंद करा.

नव्या पेट्रोल इंजिनचं पहिलं ऑइल साधारण २० तासांनी बदला, पुढे दर १०० तासांनी. तासांचा मीटर नसेल तर टाकीच्या झाकणावर मार्करने तारखा लिहीत चला. एव्हीआरवाल्यात कार्बन ब्रश असतात, तेही सर्व्हिसला बघायला सांगा. व्होल्ट अचानक नाचायला लागले तर एव्हीआर बदलण्याआधी ब्रश तपासा.

पावसाळ्यात महिना-दीड महिना काम बंद राहणार असेल तर टाकी रिकामी करा आणि कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल जळेपर्यंत इंजिन चालवा. अर्थात मशीन न जोडता. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं आणि जेटमध्ये चिकटा धरतो. दसऱ्याच्या आधी कामं सुरू होतात तेव्हा दोरी ओढून ओढून खांदा दुखण्यापेक्षा ही दहा मिनिटं परवडतात.